पॉइंट्सची वही

जानेवारी २०२३ मध्ये सिन्नरला एका बचत गटाच्या मेळाव्यात बोलायला गेले होते. एसआयपी झालं, टर्म इन्शुरन्स झालं, अडीनडीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला कसा ठेवायचा तेही झालं. शेवटी मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, "ताई, माझ्या क्रेडिट कार्डावर चार हजार पॉइंट साठलेत. त्यांचं करायचं काय?"

पॉइंट म्हणजे कार्डानं केलेल्या खर्चावर बँक देते ते बक्षीस. मी गुळमुळीत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. गेली काही वर्षं मराठीत पैशांवर लिहितेय, पण माझ्याकडे क्रेडिट कार्डच नव्हतं. "कार्डाच्या नादाला लागू नका" असं मात्र दोनतीनदा ठणकावून लिहिलं होतं. परतीच्या एसटीत ठरवलं की एक कार्ड घ्यायचं, दोन वर्षं वापरायचं आणि पैसा न् पैसा वहीत लिहायचा. ती दोनशे पानी वही आता जवळपास भरलीय. त्यातलं जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहितेय.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे वाण्याची वहीच की. महिनाभर माल उचलायचा, पगाराला चुकते करायचे." बाबा एसटीच्या डेपोत रोखपाल होते. आमच्या लहानपणी किराणा असाच यायचा, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीवर. "फक्त वाणी पॉइंट देत नव्हता," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "व्याजही लावत नव्हता."

पहिला अर्ज ६ फेब्रुवारीला केला, माझं बचत खातं आहे त्याच बँकेत. दोन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं, पॅन, आधार, सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडलं. नऊ दिवसांनी मेसेज आला, 'अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही.' मला वाटलं, मी पगारदार नाही म्हणून असेल. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अर्ज नाकारला तर त्याचं नेमकं कारण बँकेनं लेखी कळवायला हवं. मी ईमेल करून मागितलं. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं : अर्जदाराचा कर्जाचा पूर्वेतिहास उपलब्ध नाही.

खरंच नव्हता. फ्लॅटचं कर्ज नवऱ्याच्या नावावर आहे आणि स्कूटर मी रोखीनं घेतली होती. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था. तिचा अहवाल काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि दर वर्षी काढावाच), तर ३०० ते ९०० मधला कुठलाच स्कोअर माझ्या वाट्याला आलेला नव्हता. कुणाकडून कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून बँकेच्या लेखी मी कुणीच नव्हते. थोडं लागलं मनाला. बायकांनी स्वतःच्या नावावर व्यवहार ठेवावेत हा माझाच आवडता विषय ना!

अशा वेळी लगेच दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि चारपाच एकदम दिसल्या की पुढची बँक बिचकते. मी शाखेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी सरळ सांगितलं, "एफडीवर कार्ड घ्या. त्याला पगार लागत नाही, स्कोअर लागत नाही." ६० हजारांची एफडी केली, तिच्यावर ८० टक्के म्हणजे ४८ हजारांची मर्यादा मिळाली. कार्ड चालू आहे तोवर एफडी मोडता येत नाही, पण तिचं व्याज नेहमीसारखं मिळत राहतं. वार्षिक फी नाही. १४ मार्चला कार्ड घरी आलं.

त्याच रात्री वीजबिल भरायला गेले, तर व्यवहार फसला. दोनदा. घाबरून कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं संगीत ऐकलं, मग कळलं की नवं कार्ड ऑनलाइन व्यवहारांसाठी बंदच असतं, ॲपमध्ये जाऊन ते आपण चालू करायचं. परदेशी व्यवहारांचं बटण तिथेच खाली होतं, ते बंदच ठेवलं.

पहिलं वर्ष मला पॉइंट्सशी घेणंदेणं नव्हतं, स्कोअर तयार करायचा होता. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे महिन्याला १४,४०० च्या खाली राहायचं, एवढं एकच पथ्य. किराणा, औषधं, मोबाइल, लेकीच्या क्लासची फी. कार्ड रुपेचं होतं, त्यामुळे यूपीआयला जोडून दुकानातल्या क्यूआर कोडवरही चालायचं. व्यापारी कोड असेल तिथेच हं, भाजीवाल्या मावशींच्या साध्या खात्यावर नाही.

ही सोय दिसते तितकी निरागस नाही. वहीत एप्रिलचं पान बघितलं तर चहा, वडापाव, पुन्हा चहा, रिक्षाच्या चिल्लरऐवजी काहीतरी. शंभराला दोन पॉइंट, पण शंभर पूर्ण झाले तरच. १९० रुपयांच्या औषधांना दोनच पॉइंट, नव्वद रुपयांच्या भज्यांना शून्य. मे महिन्यापासून लहान खर्च पुन्हा रोखीवर आणले आणि महिन्याचा खर्च आपोआप अकराशे रुपयांनी खाली आला. पैसे हातातून जाताना दिसले की आपण कमी खातो, दुसरं काही नाही.

साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसायला लागला. जानेवारी २०२४ मध्ये ७५२. मग फोन सुरू झाले. दिवसाला दोन तरी. "मॅडम, प्री-अप्रूव्हड आहे, लाइफटाइम फ्री आहे." लाइफटाइम फ्री कुणी म्हणालं की मी म्हणायचे, ईमेलवर लिहून पाठवा. एकानंही पाठवलं नाही.

शेवटी मीच एक निवडलं. माझी रीत अशी होती : मागच्या बारा महिन्यांचा वहीतला खर्च घेतला आणि प्रत्येक कार्डाची अटींची पत्रिका उघडून 'यावर पॉइंट मिळणार नाहीत' हा परिच्छेद आधी वाचला. जाहिरातीत 'पाच पट पॉइंट' असतात, त्या परिच्छेदात पेट्रोल, वॉलेट, घरभाडं, काहींमध्ये विमा आणि वीजबिलसुद्धा. माझ्या पहिल्या कार्डावर वर्षभरात सुमारे १ लाख ३८ हजार खर्च झाला होता, त्यातल्या १ लाख २ हजारांवरच पॉइंट पडले होते. निवडलेल्या कार्डाची फी ४९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. वर्षात लाखभर खर्च झाला की पुढच्या वर्षीची माफ. शंभराला तीन पॉइंट. विमानतळावरच्या लाउंजचं आमिष असलेली कार्डं बाजूला ठेवली, कारण मी विमानतळावर जाते कधी?

व्हिडिओ केवायसी २१ फेब्रुवारीला झाली. पॅन कॅमेऱ्यासमोर धरा, कोऱ्या कागदावर सही करून दाखवा, मान डावीकडे वळवा. नेमका शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला आणि पलीकडचा मुलगा तीनदा "मॅडम, आवाज?" म्हणाला. सहा दिवसांत कार्ड हातात. मर्यादा ७५ हजार.

मार्च ते जुलै सगळं सुरळीत चाललं. १८ तारखेला बिल निघायचं, ७ ला शेवटची तारीख. मी ५ ला भरायचे, हातानं, पूर्ण रक्कम.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही, असा बराच विचार केला. ऑगस्टच्या शेवटी म्हटलं, गणपतीच्या धांदलीत बिल राहून जाईल, ऑटो-डेबिट लावून टाकू, म्हणजे खात्यातून आपोआप कापलं जाईल. ॲपमध्ये दोन पर्याय असतात, 'एकूण देय' म्हणजे पूर्ण बिल, आणि 'किमान देय' म्हणजे उशिराचा दंड टळण्यापुरता बिलाचा छोटा हिस्सा. त्या पानावर किमान देयवरची टिकली आधीच लावलेली होती. मी खाते क्रमांक नीट तपासला, तारीख तपासली, ओटीपी टाकला आणि पुढे गेले. टिकली बदलली नाही.

७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थी. सकाळी उकड काढत होते तेव्हा मोबाइल वाजला : 'आपले पेमेंट मिळाले, धन्यवाद.' पिठाच्या हातानं वर सरकवलं. रक्कम वाचली नाही. बिल २१,६४० रुपयांचं होतं, कापले गेले होते १,०८२, म्हणजे पाच टक्के. १२ तारखेला गौरी विसर्जनाहून आल्यावर बचत खात्याची शिल्लक बघितली आणि ती जास्त दिसली. पैसे जास्त दिसल्यावर पोटात गोळा येण्याची माझी ही पहिलीच वेळ. तिथल्या तिथे कार्डावरची सगळी बाकी भरली, अगदी गणपतीच्या खरेदीसकट.

१८ तारखेच्या बिलात व्याज १,१०४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १९८ रुपये ७२ पैसे. एकूण १,३०२ रुपये ७२ पैसे.

पाच दिवसांच्या उशिराला तेराशे? माझाही पहिला प्रश्न तोच होता. पण व्याज पाच दिवसांचं नसतं. पूर्ण बिल भरलं तरच व्याजमाफीचा काळ मिळतो. एक रुपया बाकी राहिला तरी ती माफी उडते आणि थकलेल्या रकमेवर, खरेदी केली त्या दिवसापासून व्याज मोजलं जातं. नव्या खरेदीवरही. माझा दर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला त्रेचाळीसच्या पुढे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला, म्हणजे तिकडूनही आता आधार नाही. किमान रक्कम गेलेली असल्यामुळे उशिराचा दंड लागला नाही आणि स्कोअरला धक्का बसला नाही, एवढंच काय ते बरं. कस्टमर केअरच्या मुलाला मी विनंती केली की एक वेळ माफ करा. तो नम्रपणे नाही म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. टिकली मी बदलली नव्हती.

दोन दिवस ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी वही उघडून लाल पेनानं लिहिली.

त्यानंतर दोन बदल केले. ऑटो-डेबिट 'एकूण देय'वर आणलं, आणि बिलाची तारीख बदलून घेतली. माझ्या कामाचे पैसे येतात १० तारखेनंतर, आणि बिल भरायचं ७ ला, हा मुळातच वेडेपणा होता. बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे, एका फोनवर काम होतं. हे पहिल्याच महिन्यात करून घ्यायला हवं होतं.

दिवाळीच्या सेलमध्ये मिक्सर घेतला. ऑनलाइन ६,४९९, कार्डावर दहा टक्के सूट, पडला ५,८५० ला. 'साडेसहाशे वाचले' असं लिहायला पेन उचललं होतं, पण त्याआधी मेन रोडच्या दुकानात तोच मिक्सर ५,९०० ला सांगितला होता. वहीत पन्नास रुपये लिहिले. सराफ बाजारात मंगळसूत्राच्या नव्या वाट्या घेतल्या तेव्हा बिल अठरा हजार झालं. सराफ म्हणाले, "कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील, ताई." ३६० रुपये जादा मोजून मला मिळणार होते ५४० पॉइंट, म्हणजे १३५ रुपये. यूपीआयनं खात्यातून दिले. पॉइंट्स बँक खिशातून देत नाही. दुकानदाराकडून कार्डामागे जो आकार घेतला जातो त्यातला तुकडा आपल्याकडे येतो, आणि दुकानदार तो आकार आपल्याकडूनच काढायला लागला की खेळ संपला.

याच सुमारास बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला : 'आपले ७,८५० पॉइंट्स आज रात्री १२ वाजता संपतील, ताबडतोब ॲप डाउनलोड करा.' बाबांकडे कार्डच नाही, म्हणून ते हसले. ज्यांच्याकडे आहे ते हसणार नाहीत. असल्या लिंकमधून येणारी फाइल मोबाइलवर बसली की ती ओटीपी वाचते. पॉइंट बघायचे तर बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्येच बघावेत, आणि चुकून हात लागलाच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पॉइंट वापरायला काढले. पहिल्या कार्डाचे दोन वर्षं झाली की बाद होणार होते. त्यावर २,०४० होते, दुसऱ्यावर ६,२१६.

आणि इथे सिन्नरच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, दोन वर्षं उशिरा. पॉइंटला एक किंमत नसतेच. दुसऱ्या कार्डाच्या कॅटलॉगमध्ये कढई, ट्रॉली बॅग, ब्लूटूथ स्पीकर होते, तिथे एक पॉइंट जेमतेम वीस पैशांचा. बिलातून वजा करायला सांगितलं तर पंचवीस पैसे. बँकेच्या प्रवासाच्या पानावरून विमानाचं तिकीट काढलं तर पन्नास पैसे. कागदावर विमान दुप्पट फायद्याचं.

मला मार्चमध्ये नागपूरला जायचंच होतं, नणंदेच्या मुलीचा साखरपुडा. विमान कंपनीच्या साइटवर तिकीट ४,८९०, बँकेच्या पानावर तेच विमान ५,२४०. तरीही हिशोब मांडला : बँकेकडून घेतलं तर ३,१०८ पॉइंट्समधून, २,१३२ रुपये खिशातून. थेट घेऊन पॉइंट बिलातून वजा केले तर जाणार होते ३,३३६. म्हणजे बँकेचं पान बाराशेनं स्वस्त. मी जवळजवळ बटण दाबलंच होतं.

नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "तू नेहमी विदर्भ एक्स्प्रेसनं जातेस ना?"

जाते. रात्री नाशिकरोडला बसायचं, सकाळी नागपूर. थ्री टायर एसीचं तिकीट हजाराच्या आसपास. म्हणजे सगळे पॉइंट उधळूनही विमानाला मी रेल्वेच्या दुप्पट रोख मोजणार होते, विमानतळापर्यंतची गाडी वेगळीच. पन्नास पैशांचा भाव खरा होता, फक्त तो मला नको असलेल्या वस्तूचा होता. तुम्ही एरवीही विमानानंच जाणार असाल तर खुशाल घ्या, तुमचं गणित वेगळं.

मी दोन्हीकडचे पॉइंट बिलातून वजा करून घेतले. पहिल्या कार्डाचे ५१० रुपये, दुसऱ्याचे १,५५४. दोन्हीकडे पॉइंट वटवण्याची फी ९९ अधिक जीएसटी, ११६ रुपये ८२ पैसे. ही फी दर वेळी लागते, म्हणून हजार-हजार पॉइंट्स वटवत बसू नये, मुदत बघून एकदाच वटवावेत. हातात आले ३९३.१८ आणि १,४३७.१८.

मग पहिलं कार्ड बंद करायचं ठरवलं. एफडी मोकळी हवी होती. क्रम महत्त्वाचा : आधी पॉइंट वटवले (कार्ड बंद झालं की ते जातात), मग त्यावर लावलेलं ओटीटीचं दरमहा आपोआप जाणारं पेमेंट काढलं, बाकी शून्य केली, आणि ११ मार्चला ईमेल केली. फोनवर सांगू नका, किंवा सांगितलं तरी विनंतीचा क्रमांक मागा. दोन फोन आले, "मॅडम, मर्यादा वाढवून देतो." नको म्हटलं. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. मधे धुळवडीची सुट्टी आली. १९ ला बंद झाल्याचा मेसेज आला, सहाव्या दिवशी. एफडी मात्र आपोआप सुटली नाही. २४ ला शाखेत जाऊन अर्ज दिला, बाकी नसल्याचं पत्र घेतलं. पुढच्या महिन्यात स्कोअर काही गुणांनी उतरला, जुनं खातं बंद केलं की थोडं होतं ते. कार्ड चिपमधून कापलं. स्वयंपाकघरातली कात्री चालली नाही, नवऱ्याची पत्रा कापायची आणावी लागली.

त्या संध्याकाळी वहीची बेरीज केली. जमा : ३९३.१८, १,४३७.१८ आणि मिक्सरचे ५०, एकूण १,८८०.३६. खर्च : कार्डाची फी ५८८.८२ आणि गणपतीतलं व्याज १,३०२.७२, एकूण १,८९१.५४. दोन वर्षांचा निव्वळ तोटा ११ रुपये १८ पैसे. ती एक टिकली बदलली असती तर तेराशेच्या आसपास फायदा. महिन्याला पन्नासेक रुपये.

वही बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, दोन ठिकाणी बेरीज स्वतः करून बघितली, लाल पेनाच्या ओळीवर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरेदी महिन्याच्या सुरुवातीला, आणि पैसे दिलेस दीड महिन्यानं. तोवर ते होते कुठे?"

"बचत खात्यात."

"मग त्याचं व्याज कुठे लिहिलंयस?"

लिहिलंच नव्हतं. मी पासबुक आणायला उठले.